रेखाला दिलं त्यांनी

गणपतीत आमच्या सोसायटीत एक संध्याकाळ सिनेमाची असते. मुलांचे नाच, पाककृती स्पर्धा, बायकांचे खेळ असं सगळं उरकलं की क्लबहाऊसच्या भिंतीवर पडदा लागतो, वॉचमन दिवे मालवतो आणि पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांवरून थोडीशी प्रेमळ मारामारी होते. या वर्षी ज्येष्ठ मंडळींच्या आग्रहाखातर स्मिता पाटीलचा ‘उंबरठा’ लावला होता. सुरुवातीला बटाटेवड्यांचा वास, पंख्यांची घरघर, मागच्या रांगेतल्या पोरांचे मोबाइल असं सगळं चालू होतं. ‘सुन्या सुन्या मैफिलीत’ लागलं तेव्हा मात्र हॉल असा गप्प झाला की बाहेर मंडपात कुणीतरी निरांजनाची ताम्हणं आवरत होतं त्याचा आवाज आत आला. सिनेमा संपल्यावर चहाचे कागदी कप हातात घेऊन आम्ही पायऱ्यांवर उभे होतो. बी विंगमधले एक काका, वाचन दांडगं, आवाज खणखणीत, म्हणाले, “एवढं काम केलं या बाईनं, आणि त्या वर्षीचं नॅशनल कुणाला? रेखाला दिलं त्यांनी! नाचगाण्याला!” सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. घरी येऊन कप सिंकमध्ये टाकताना लक्षात आलं की मला कुठेतरी काहीतरी टोचतंय.

काकांचा निकाल माझाच होता. त्यामागचं कारण माझं नव्हतं.

१९८१ हे साल माझ्या डोक्यात सारखं उघडत असतं, कारण मुळात मी पारितोषिकांची वेडी आहे. लोक क्रिकेटचे जुने स्कोअर लक्षात ठेवतात, मी हे ठेवते. त्या वर्षीच्या सिनेमांसाठी जी राष्ट्रीय पारितोषिकं दिली गेली, म्हणजे एकोणतिसावी, त्यात उत्कृष्ट अभिनेत्री म्हणून रेखाला ‘उमराव जान’साठी रजत कमळ मिळालं. ‘उंबरठा’ लोकांनी थिएटरात पाहिला तो १९८२ मध्ये, पण ज्युरीपुढे तो याच खेपेला आला होता आणि उत्कृष्ट मराठी चित्रपटाचं पारितोषिक घेऊन परतला. स्मिताला त्यासाठी काही नाही. आणि याच्या बरोब्बर उलटं दुसऱ्या दारात घडलं. त्याच वर्षीच्या फिल्मफेअरला रेखा ‘उमराव जान’साठी उभी होती आणि तिथे बाहुली गेली स्मिताकडे, ‘चक्र’साठी. म्हणजे दिल्लीने स्मिताला बाजूला ठेवून रेखाला दिलं आणि मुंबईने रेखाला बाजूला ठेवून स्मिताला. हिशेब चुकता झाला म्हणावं तर तसंही नाही, कारण ‘चक्र’मधली झोपडपट्टीतली अम्मा वेगळी आणि ‘उंबरठा’तली सुलभा महाजन वेगळी. एकीचं देणं दुसरीच्या खात्यावर टाकून कसं चालेल?

गंमत म्हणजे हा वाद मंगेशकरांच्या घरातही शिरला होता, निदान कागदावर तरी. ‘उंबरठा’ला संगीत हृदयनाथांचं, आवाज लताबाईंचा, शब्द सुरेश भटांचे. समोर खय्याम आणि आशाबाई. खय्यामनी आशाबाईंना त्यांच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा खाली गायला लावलं आणि एक अशी आशा बाहेर आली, जी तिच्या जन्माच्या चाहत्यांनाही नवीन होती. संगीताचं आणि गायनाचं, दोन्ही राष्ट्रीय पारितोषिकं ‘उमराव जान’ घेऊन गेला. आशाबाईंचं ते पहिलं राष्ट्रीय पारितोषिक. इतकी वर्षं गाऊन पहिलं! इथे मात्र मला ‘उंबरठा’साठी भांडावंसं वाटत नाही. ‘सुन्या सुन्या’ माझ्या अंगावर काटा आणतं, पण ते लताबाईंकडून अपेक्षित असलेलं सर्वोत्तम आहे. ‘दिल चीज क्या है’ हे आशाबाईंकडून कुणी अपेक्षिलंच नव्हतं. माझ्या लेखी पारितोषिक अशाच वेळी द्यावं. आता हाच नियम अभिनयाला लावला तर ते रेखालाच जातं, हे मला कळतं. म्हणूनच तो नियम मी तिथे लावत नाही!

‘उमराव जान’ मला दाखवला तो मावशीने. मावशी टेलिफोन खात्यात होती, दादरला राहायची. कडक इस्त्रीच्या सुती साड्या, खांद्याला पर्स, लोकलच्या दारात उभं राहून बोलण्याची सवय. म्हणजे हुबेहूब सुलभा. वाद निघाला की घरातल्या सगळ्यांना वाटायचं, ही स्मिताच्या बाजूने बोलणार. तिचं मत मात्र कायम रेखाला. आम्ही तिला छळायचो की तुझ्यासारख्या बाईवर एवढा सिनेमा निघाला आणि तू त्या कोठेवालीच्या मागे काय लागतेस. एकदा तिने भाजी निवडता निवडता, मान वर न करता उत्तर दिलं. म्हणाली, “सुलभाकडे डिग्री होती. तिला नोकरी मिळाली. हिच्याकडे काय होतं?” मग मेथीच्या काड्या वेगळ्या करत राहिली. मला तेव्हा ते उत्तर वाटलंच नाही. हे तर परिस्थितीबद्दल झालं, अभिनयाबद्दल कुठे बोललीस, असं म्हणून मी वाद जिंकल्याचं जाहीर केलं असणार. त्या वयात मी सगळेच वाद जिंकायचे.

काकांच्या त्या ‘नाचगाण्या’मुळे मावशीचं वाक्य पुन्हा वर आलं. दोन्ही सिनेमे मनात शेजारी शेजारी लावून पाहिले तर गोष्ट जवळपास एकच आहे. सुलभा स्वतः घर सोडून महिलाश्रमात अधीक्षक म्हणून जाते, लहान मुलीला जावेपाशी ठेवून. परत येते तेव्हा घर उभं असतं, पण त्यात तिची जागा राहिलेली नसते. नवरा तिला सभ्यपणे, अगदी शांत आवाजात सांगतो की दुसरी एक बाई आहे. गिरीश कार्नाडांनी तो सभ्यपणा असा काही वठवलाय की राग कुणावर काढायचा तेच कळत नाही. इकडे ‘उमराव जान’मधल्या अमीरनला लहानपणीच पळवून लखनौला विकलेलं. कितीतरी वर्षांनी ती फैजाबादला, आपल्याच घरासमोर मुजरा करते. त्यात ती नाचते कमी, बघते जास्त. आई कवटाळते. आणि भाऊ तिला जायला सांगतो. एक बाई स्वतःच्या पायाने बाहेर पडली, दुसरीला ओढून नेलं. दोघींसाठी दार मात्र सारखंच बंद झालं. भावाची हरकत काय असते? हीच, की ही नाचगाणं करणारी. म्हणजे आमचे काका सुलभेसाठी हळहळले आणि त्याच दमात त्या भावाच्या शेजारी जाऊन उभे राहिले. त्यांना ते कळलंही नसेल. ते भले गृहस्थ आहेत, सोसायटीतल्या कामवाल्या बायकांच्या मुलांच्या फिया भरतात.

हे फक्त काकांचं नाही. आपल्याकडे ही हरकत सिनेमाच्या वयाची आहे. फाळक्यांना १९१३ साली तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडं नेसवावं लागलं. मग त्याच वर्षी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, तेव्हा त्यांना काय ऐकावं लागलं असेल याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही. लावणीला आपण टाळ्या वाजवतो, फेटे उडवतो, आणि लावणी नाचणारीला सून करून घ्यायचं म्हटलं की घसा खाकरतो. आणि ज्या स्मितासाठी काका हळहळत होते, तिचं पहिलं राष्ट्रीय पारितोषिक कशासाठी होतं? ‘भूमिका’साठी, १९७७ चं. हंसा वाडकरांच्या आयुष्यावर बेतलेली बाई. सिनेमा सुरू होतो तोच मुळी स्मिताच्या नाचाने, पायात चाळ, कॅमेऱ्यापुढे. पायऱ्यांवर हे सुचलं असतं तर तिथल्या तिथे बोलले असते. पण असली उत्तरं मला नेहमी भांडी घासताना सुचतात.

आता माझ्याच बाजूची झडती घ्यायला हवी. मला स्मिताला द्यावंसं वाटतं ते का? ती आपली म्हणून? पुण्यात शिकलेली, दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायची, जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यापुढे बसायची, हे किस्से आमच्या पिढीला घरच्या मुलीसारखे पाठ. १३ डिसेंबर १९८६ ला ती गेली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, आणि त्यानंतर तिच्याबद्दल कुणीच धड तटस्थ बोलू शकलेलं नाही. आपला माणूस असला की माझा काटा झुकतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. ‘शोले’ला फिल्मफेअरची एवढी नामांकनं होती आणि पारितोषिक मिळालं ते एकच, संकलनाचं, एम. एस. शिंदे यांना. अमजद खानसुद्धा रिकाम्या हाताने परतला! सगळा देश त्यावर हसतो. मी मात्र मनातल्या मनात खूश असते, की चला, शिंद्यांना तरी मिळालं. १९५३ च्या ‘श्यामची आई’ला मिळालेलं पहिलंवहिलं सुवर्णपदक आणि मग एकदम पन्नास वर्षांनी ‘श्वास’, हा हिशेब माझ्यासारख्यांनी घरातल्या दहावीच्या निकालासारखा सांभाळलाय. अशा माणसाने ज्युरीत बसू नये हे खरं. पण ज्युरीत बसणारी माणसंही कुठल्या तरी गावचीच असतात की.

पारितोषिकांच्या बाबतीत मला एकच माणूस संपूर्ण सरळ वाटतो, तो म्हणजे पडद्यावरचा सगळ्यांत वाकडा, प्राण. ‘बेईमान’साठी सहायक अभिनेत्याची फिल्मफेअर बाहुली त्याला जाहीर झाली आणि त्याने ती नाकारली. कारण त्याच वर्षी संगीताची बाहुली ‘पाकीझा’च्या गुलाम मोहम्मदना न देता ‘बेईमान’लाच दिली होती. गुलाम मोहम्मद १९६८ मध्येच गेले होते, ‘पाकीझा’ लागला १९७२ मध्ये. म्हणजे बाहुली मिळाली असती तरी घ्यायला ते नव्हते. मेलेल्या माणसासाठी, तेही आपल्याच सिनेमाच्या विरोधात, हातात आलेलं सोडायचं! आणि योगायोग बघा, तोही कोठ्याचाच सिनेमा. दुसऱ्या टोकाला ऋषी कपूर. ‘बॉबी’च्या वेळी आपण तीस हजार रुपये मोजून पारितोषिक मिळवलं, हे त्यांनी म्हातारपणी स्वतःच लिहून टाकलं. ते वाचून लोकांना धक्का बसला. मला त्यातल्या आकड्याचं जास्त नवल वाटलं. इतक्या स्वस्तात?

तर स्मिता. तिच्या बाजूचं नसलेलं एक कारण नेहमी पुढे केलं जातं, ते आधी निकालात काढते. म्हणे ‘चक्र’साठी तिला आदल्याच वर्षी राष्ट्रीय मिळालं होतं, लागोपाठ कसं देणार? का नाही देणार? पुढच्याच वर्षापासून शबाना आझमींना ‘अर्थ’, ‘खंडहर’, ‘पार’ असं सलग तीन वर्षं दिलंच ना. आणि योग्यच दिलं. रांगेत उभं राहून रेशन घेतल्यासारखी पारितोषिकं वाटायची नसतात.

माझं खरं कारण वेगळं आहे. ‘उंबरठा’भर स्मिता बहुतेक वेळ ऐकत असते. सासूचं, आश्रमातल्या बायकांचं, कमिटीतल्या मंडळींचं, शेवटी नवऱ्याचं. आपल्या सिनेमात ऐकणं म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघणं. समोरचा बोलत असताना स्मिताच्या चेहऱ्यावर मात्र एक उत्तर तयार होतं, मग ती ते गिळते, मग दुसरं तयार होतं आणि ते ती बोलते. गिळलेलं उत्तर आपल्याला दिसतं. हे कसं करतात मला माहीत नाही. तेंडुलकरांच्या संवादांत मोकळ्या जागा असतात हे खरं, पण त्या जागा दुसऱ्या कुणी नुसत्या मोकळ्या ठेवल्या असत्या. आणि हे सगळं कुठल्याही आडोशाशिवाय. ना गझल, ना अदब, ना जरीकाम, ना झुंबर. एक सुती साडी आणि सरकारी रंगाच्या भिंती. रेखाच्या मागे शहरयारचे शब्द होते, खय्याम होते, आशा होती. मुझफ्फर अलींचा लखनौ होता. स्मिताच्या मागे रजिस्टरं ठेवलेलं एक कपाट.

पण हे लिहितानाच मला पलीकडची बाजू ऐकू येते, आणि ती मावशीच्या आवाजात येते. एवढ्या थाटामाटात माणूस हरवून जातो गं. झुंबराखाली बसून झुंबरापेक्षा जास्त दिसायचं ही सोपी गोष्ट आहे का? लुटलेल्या कोठ्यात परत आल्यावर रेखा आरशावरची धूळ पुसते आणि स्वतःकडे बघते. त्यात ना गाणं, ना संवाद. तिने तिथे डोळ्यांत पाणी आणलं असतं तर मी आज हा लेख दोन ओळींत संपवला असता. नाही आणलं. त्या नजरेत दुःखसुद्धा नाही, एक प्रकारची ओळख आहे. मद्रासहून पोरवयात आलेल्या, हिंदीही नीट न येणाऱ्या मुलीने तिथपर्यंत उर्दू कमावली. वडिलांच्या घराचं दार तिला स्वतःलाही बंदच होतं, ते सगळ्यांना माहीत आहे, मी सांगत बसत नाही. मावशीला ते सगळं माहीत असणार. तरी ती त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही, नुसतं विचारलं की हिच्याकडे काय होतं. मावशीला एकदा तरी उलट विचारायला हवं होतं की तुझ्याकडे काय होतं. आता ती नाही.

इथवर आलं की हा सामना दोघींचा वाटतो, आणि तसा तो चाळीस वर्षं लोक खेळतायत. पण त्याच वर्षी, त्याच ज्युरीपुढे तिसरी एक बाई होती आणि तिचं नाव या भांडणात कुणी घेत नाही. ‘३६ चौरंगी लेन’मधली जेनिफर केंडल. तिची मिस स्टोनहॅम म्हणजे कलकत्त्यातली अँग्लो-इंडियन शिक्षिका, वर्गात शेक्सपिअर शिकवणारी, घरी मांजर आणि जुना ग्रामोफोन. जुनी विद्यार्थिनी आणि तिचा मित्र गोड बोलून हिचा फ्लॅट वापरतात, पुढे लग्न करून आपल्या घरी राहायला जातात आणि हिला विसरतात. नाताळला ही हाताने केलेला केक घेऊन त्यांच्याकडे जाते. आत पार्टी चाललेली असते, हिला बोलावणं नसतं, खिडकीतून ते बघून ती मागे फिरते. घ्या, तिसरं दार! अपर्णा सेनना त्याच सिनेमासाठी दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं, अशोक मेहतांना छायालेखनाचं. मिस स्टोनहॅमच्या वाट्याला काही नाही. पुढे ब्रिटनच्या बाफ्टाला तिचं नामांकन झालं, समोर डायन कीटन, कॅथरिन हेपबर्न. हेपबर्न जिंकली. १९८४ मध्ये जेनिफर गेली.

जेनिफरने केलेलं काम मला पहिल्यांदा बघताना काम वाटलंच नव्हतं, एक म्हातारी बाई चुकून कॅमेऱ्यापुढे आली असावी असं वाटलं. तिचं चालणं, पर्स घट्ट धरून ठेवणं, कुणी दोन शब्द बरे बोललं की चेहऱ्यावर येणारी ती लाज वाटण्याइतकी मोठी कृतज्ञता. शाळेत आम्हाला शिकवणाऱ्या एक बाई अशाच होत्या. आम्ही त्यांच्या नकला करायचो. काकांना ‘उमराव जान’ नाचगाणं म्हणून नकोसा, आणि ‘चौरंगी लेन’ इंग्रजी म्हणून परका. तो आपल्याकडे फार लोकांनी पाहिलाच नाही, सोसायटीच्या पडद्यावर लावायचा म्हटलं तर कार्यकारिणी मला वेड्यात काढेल.

माझं मत मला बदलावंसं वाटत नाही. त्या वर्षी त्या खोलीत मी असते तर स्मितासाठी हात वर केला असता, तावातावाने बोलले असते आणि बहुधा हरले असते. हरल्यावर फार वाईटही वाटलं नसतं. रेखाला तिच्या आयुष्यातल्या सर्वोत्तम कामासाठी मिळालं, हे किती जणांच्या नशिबी येतं? स्मिताच्या घरी आधीची दोन होतीच. कुणाला मिळायला हवं होतं असं विचाराल तर स्मिता. पण अन्याय कुणावर झाला असं विचाराल तर मी त्या दोघींपैकी कुणाचंच नाव घेणार नाही, केक घेऊन परत गेलेल्या बाईचं घेईन.